हिट पॉइंट (भूमिकाधारी खेळ)

हिट पॉइंट ही भूमिकाधारी खेळांतील एक मूलभूत संज्ञा आहे. एखादे पात्र, प्राणी किंवा वस्तू पराभूत, बेशुद्ध, मृत वा नष्ट होण्यापूर्वी किती आघात सोसू शकते, हे या संज्ञेने संख्येच्या रूपात दर्शविले जाते. आघात झाला की या संख्येतून ठराविक अंक वजा होतात. विश्रांती, उपचार किंवा कथेतील जादू यांमुळे ते पुन्हा मिळतात. संख्या शून्यावर आली की पात्र लढण्यास असमर्थ ठरते. संक्षेपाने या अंकांना ‘एचपी’ असेही म्हणतात.

ही कल्पना युद्धखेळांतून आली आणि १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळामुळे सर्वत्र रूढ झाली. पुढे संगणकीय खेळांनीही ती स्वीकारली. हिट पॉइंट कसे मोजावयाचे याविषयी फारसा वाद नाही. मात्र ते नेमके कशाचे प्रतीक आहेत, शरीराच्या जखमांचे, दमाचे, कौशल्याचे, दैवाचे की या सर्वांच्या मिश्रणाचे, हा प्रश्न या खेळांच्या आरंभापासून चर्चेत आहे.

## संज्ञा व स्वरूप

भूमिकाधारी खेळ हा टेबलाभोवती बसून, संवाद आणि फासे यांच्या आधारे खेळला जातो. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो, इतर सर्व पात्रांच्या वतीने बोलतो आणि नियमांचा निवाडा करतो. पात्राचे गुण, शस्त्रे व हिट पॉइंट एका कागदावर नोंदविलेले असतात.

‘हिट’ म्हणजे लागलेला प्रहार आणि ‘पॉइंट’ म्हणजे अंक. कबड्डी किंवा खो-खो यांसारख्या खेळांत ‘पॉइंट’ म्हणजे कमावलेला गुण होय. हिट पॉइंट मात्र कमवावयाचे नसून राखावयाचे असतात. ते पात्राच्या खात्यातील शिल्लक आहेत, विजयाचे मोजमाप नव्हेत. अधिक हिट पॉइंट शिल्लक असलेला पक्ष जिंकला असे मानले जात नाही. संख्या शून्यावर गेली की नाही, एवढेच महत्त्वाचे असते.

आघात चुकविण्याची क्षमता आणि आघात सोसण्याची क्षमता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पहिली क्षमता ‘आर्मर क्लास’ या अंकाने दर्शविली जाते. त्यात चिलखत, ढाल आणि चपळाई यांचा विचार होतो. दुसरी क्षमता हिट पॉइंटांनी दर्शविली जाते. या दोहोंची सीमारेषा नियमांत स्पष्ट असली, तरी अर्थाच्या दृष्टीने ती पुसट होते. पुढील बहुतेक वादांचे मूळ येथेच आहे.

## इतिहास

### युद्धखेळांतील पूर्वरूप

प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेओर्ग फोन राइसविट्झ याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ सादर केला. त्यात फाशांच्या साहाय्याने तुकड्यांची हानी ठरविली जाई आणि ती अंकांनी मोजली जाई. तेथे अंकाचा अर्थ सरळ होता. तुकडीत अनेक सैनिक असतात. अंक कमी झाले म्हणजे काही सैनिक कामी आले.

आरमारी युद्धखेळांतही ही रीत सहज रुजली. विसाव्या शतकात अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट याने रचलेल्या आरमारी खेळात प्रत्येक जहाजास अंकमूल्य असे आणि तोफगोळा लागला की त्यातून वजाबाकी होई. जहाजाच्या बाबतीत ही कल्पना नैसर्गिक वाटते. एका गोळ्याने जहाज सहसा बुडत नाही. ते छिद्रे पडत, शिडे फाटत, वेग गमावत हळूहळू निकामी होते. त्याचे नुकसान साठत जाते आणि गोदीत नेऊन भरूनही काढता येते.

### आर्नेसन, गायगॅक्स आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’

गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या मध्ययुगीन युद्धखेळात सामान्य सैनिकाची सोंगटी एकाच यशस्वी प्रहारात बाद होत असे. ‘हीरो’ या विशेष सोंगटीस मारण्यासाठी एकाच वेळी चार आणि ‘सुपरहीरो’ला आठ प्रहार लागत.

मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन याने याच सुमारास ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक प्रदेशात खेळ चालविण्यास प्रारंभ केला. त्यात प्रत्येक खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच पात्र असे. खेळाडूंचा त्या पात्रावर जीव जडू लागला आणि ते एका फटक्यात मरावे, हे त्यांना रुचेना. आर्नेसनने पुढे मुलाखतीत सांगितल्यानुसार, त्याने अमेरिकन यादवी युद्धातील लोखंडी जहाजांसाठी स्वतः रचलेल्या नियमांतून हिट पॉइंट व आर्मर क्लास या कल्पना उचलल्या आणि माणसांना लागू केल्या. माणसाला जहाजासारखे मोजण्याची सुरुवात अशी झाली.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावाने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पात्रास ‘हिट डाइस’, म्हणजे हिट पॉइंट ठरविण्यासाठी टाकावयाचे फासे, देण्यात आले. हे फासे सहा बाजूंचे होते आणि सर्व शस्त्रांची हानीही सहा बाजूंच्या एका फाशानेच ठरत असे. एक फासा आयुष्य आणि एक फासा घाव अशी ही जोडी होती. त्यामुळे सामान्य माणूस एका घावात बहुधा पडे. योद्ध्याच्या चौथ्या पातळीस ‘हीरो’ हे नाव होते व त्यास चार फासे मिळत; आठव्या पातळीस ‘सुपरहीरो’ म्हणत. ‘चेनमेल’मधील चार व आठ प्रहारांचा हिशेब अशा रीतीने नव्या पद्धतीत उतरला.

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत वर्गानुसार वेगळे फासे आले. योद्ध्यास आठ बाजूंचा, धर्मोपासकास सहा बाजूंचा आणि जादूगारास चार बाजूंचा फासा मिळाला. निरनिराळ्या शस्त्रांची हानीही वेगवेगळी झाली. योद्धा चिवट आणि जादूगार नाजूक हा भेद तेव्हापासून रूढ आहे.

### शून्यानंतर काय?

१९७४ च्या नियमांत शून्य म्हणजे मृत्यू होता. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सूत्रधार-ग्रंथात शून्यावर पात्र बेशुद्ध पडते, दर फेरीला एक अंक गमावत जाते आणि उणे दहावर मरते, असा नियम आला. सोबत्यांना धावून जाण्यास त्यामुळे थोडा अवधी मिळाला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने निम्म्या हिट पॉइंटांची मर्यादा महत्त्वाची मानली. त्याखाली गेलेल्या पात्रास ‘ब्लडीड’, म्हणजे रक्तबंबाळ, म्हटले जाई. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावरील पात्र दर फेरीस वीस बाजूंचा फासा टाकते. दहा किंवा अधिक पडल्यास यश, कमी पडल्यास अपयश. तीन यशांनी प्राण स्थिरावतो, तीन अपयशांनी जातो. तसेच शून्यावर आल्यानंतर उरलेली हानी पात्राच्या कमाल हिट पॉइंटांइतकी वा अधिक असेल, तर मृत्यू तत्काळ होतो.

## गणनेचे उदाहरण

पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळली जाणारी एक काल्पनिक कथा घेऊ. कल्याण-भिवंडीचा प्रदेश १६५७ मध्ये स्वराज्यात आल्यानंतर तेथील खाडीत गलबते बांधण्यास प्रारंभ झाला, त्या काळात ही कथा घडते असे समजू. बांधणीस असलेल्या गलबतावर रात्री हल्ला होतो. पहाऱ्यावर पहिल्या पातळीचा नवखा पहारेकरी आणि पाचव्या पातळीचा मुरलेला नाईक असे दोन योद्धे आहेत.

योद्ध्यास पहिल्या पातळीवर १० अंक आणि प्रकृतिगुणाची भर मिळते. ही भर २ मानली, तर पहारेकऱ्याचे १२ हिट पॉइंट होतात. पुढील प्रत्येक पातळीस सरासरीचे ६ आणि भरीचे २ असे ८ अंक वाढतात. म्हणून नाईकाचे १२ आणि ३२ मिळून ४४ होतात. हल्लेखोराच्या तलवारीची हानी आठ बाजूंचा फासा अधिक ३, म्हणजे सरासरी साडेसात आहे. पहारेकरी सरासरी दोन घावांत पडेल. नाईकास पाडण्यासाठी सुमारे सहा घाव लागतील.

प्रत्येकास ६, ९ आणि ५ असे तीन घाव अनुक्रमे बसले असे मानू. दुसऱ्या घावालाच पहारेकऱ्याची एकूण हानी १५ होते. तो शून्यावर येतो आणि ३ अंकांची हानी शिल्लक उरते. ती त्याच्या कमाल १२ पेक्षा कमी असल्याने तो तत्काळ मरत नाही, बेशुद्ध पडतो. नाईकाचे तीन घावांनंतरही २४ अंक शिल्लक राहतात आणि त्याच्या लढण्यात काहीच उणेपणा येत नाही.

दोघांच्याही अंगावर सारख्याच तलवारीचे सारखेच घाव बसले असतील, तर एक कोसळला आणि दुसरा जणू काही झालेच नाही असा उभा राहिला, याचे स्पष्टीकरण काय? नाईकाचे शरीर पहारेकऱ्याच्या जवळजवळ चौपट दणकट आहे काय? ‘हिट पॉइंट म्हणजे काय’ हा प्रश्न या विसंगतीतून उभा राहतो.

## अर्थनिर्णय

### शारीरिक अर्थ

सर्वांत सरळ अर्थ असा की हिट पॉइंट म्हणजे शरीराची सोशिकता होय. मोठ्या प्राण्यांच्या आणि वस्तूंच्या बाबतीत तो चपखल बसतो. हत्तीचे हिट पॉइंट सशाहून अधिक असावेत, हे कोणीही मान्य करील. दरवाजा किंवा गलबत यांनाही हा अर्थ लागू पडतो. अडचण येते ती माणसाच्या बाबतीत, कारण अनुभवाने हिट पॉइंट वाढतात, पण अनुभवाने हाडे व मांस वाढत नाहीत.

### मिश्र अर्थ

गायगॅक्सने १९७८ व १९७९ च्या ग्रंथांत या आक्षेपास उत्तर दिले. उच्च पातळीच्या योद्ध्याचे सर्व हिट पॉइंट शारीरिक मानले, तर त्यास मारण्यास चार धिप्पाड युद्धाश्वांना मारण्याइतके बळ लागेल आणि असे मानणे हास्यास्पद होईल, असे त्याने म्हटले. त्याच्या मते हिट पॉइंटांचा थोडा भाग शरीराचा असतो. उरलेला मोठा भाग युद्धकौशल्य, संकटाची आगाऊ चाहूल, नशीब आणि दैवी वा जादूचे संरक्षण यांचा असतो. पातळी वाढते तसा हा दुसरा भाग वाढतो.

या अर्थाने वरील उदाहरण उलगडते. जो घाव पहारेकऱ्याच्या बरगडीत शिरतो, तोच घाव नाईक ऐन वेळी अंग चोरून खरचटण्यावर निभावतो. मात्र तसे करताना त्याचा दम खर्च होतो, पाय सरकतो, सावधपणा ढळतो. वजा झालेले अंक या खर्चाचे आहेत. शेवटचे काही अंकच खरोखर रक्ताचे असतात.

पाचव्या आवृत्तीची व्याख्याही याच परंपरेतील आहे. शारीरिक व मानसिक टिकाव, जगण्याची इच्छा आणि दैव यांचा संयोग म्हणजे हिट पॉइंट, असे ती मानते. निम्म्याहून अधिक अंक शिल्लक असेपर्यंत पात्रावर सहसा जखमेची खूण दिसत नाही, निम्म्याखाली ओरखडे व मार दिसू लागतात आणि शून्यावर आणणारा घाव मात्र थेट वर्मी लागतो, असे वर्णनाचे मार्गदर्शनही तीत आहे. या हिशेबाने वरील नाईक २४ अंकांवर वरकरणी अक्षत असेल आणि आणखी ८ अंकांचा घाव बसून १६ वर आला की त्याचे रक्त दिसू लागेल.

### इच्छाशक्तीचा अर्थ

पावनखिंडीच्या लढाईची परंपरेने सांगितली जाणारी हकीकत मराठी वाचकास परिचित आहे. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत बाजीप्रभू देशपांडे जखमांनी जर्जर होऊनही खिंड लढवीत राहिले. अशा प्रसंगी माणूस कधी पडतो, हे केवळ जखमांच्या मोजदादीने ठरत नाही. कार्य पुरे होईपर्यंत न पडण्याचा निर्धारही त्यात असतो. हिट पॉइंटांत जगण्याची इच्छा समाविष्ट करणाऱ्या व्याख्या नेमक्या अशाच कथांना वाव देतात. उलट, शारीरिक अर्थ काटेकोरपणे लावणाऱ्या खेळात असा प्रसंग घडविणे अवघड जाते.

### कथनाचा अर्थ

काही अभ्यासक व रचनाकार हिट पॉइंटांना कोणत्याही भौतिक गोष्टीचे प्रतीक मानत नाहीत. त्यांच्या मते ही संख्या म्हणजे कथेतील अवधी आहे. पात्र संकटात आहे हे खेळाडूस कळावे, माघार घ्यावी की लढावे याचा निर्णय करता यावा आणि मृत्यू पूर्वसूचनेशिवाय येऊ नये, यासाठी ती असते. आर्नेसनच्या खेळाडूंची मूळ तक्रार पाहता हा अर्थ ऐतिहासिकदृष्ट्याही निराधार नाही.

## आक्षेप

मिश्र अर्थ स्वीकारला तरी काही नियम त्याच्याशी जुळत नाहीत, असे टीकाकार दाखवून देतात.

* उपचारांचा विरोधाभास. जुन्या नियमांत किरकोळ जखमा भरून काढणारा मंत्र आठ बाजूंच्या एका फाशाइतके अंक परत देत असे. पाच अंकांचा मरणोन्मुख शेतकरी त्याने ठणठणीत होई; पन्नास अंकांच्या वीराचे मात्र खरचटणेही पुरते भरून येत नसे. वीराची हानी बहुतांशी दमाची व नशिबाची असेल, तर ती लवकर भरून यावयास हवी.
* विश्रांतीचा काळ. ‘अॅडव्हान्स्ड’ नियमांत नैसर्गिक रीतीने दिवसाला एकच अंक मिळे. त्यामुळे अनुभवी योद्ध्यास पूर्ववत होण्यास नवख्याहून कितीतरी अधिक दिवस लागत. याउलट २०१४ च्या नियमांत एका रात्रीच्या विश्रांतीने सर्व अंक परत येतात. येथे शारीरिक अर्थ जवळजवळ सोडून दिल्यासारखा होतो.
* कड्यावरून पडणे. दर दहा फुटांस सहा बाजूंचा एक फासा, असा पडण्याच्या हानीचा नियम आहे. शंभर फुटांच्या कड्यावरून पडल्यास सरासरी ३५ अंकांची हानी होते. ४४ अंकांचा नाईक बहुधा उठून चालू लागेल. येथे तलवार चुकविण्याचे कौशल्य कोणत्या उपयोगाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.
* विषारी शस्त्र. प्रहार प्रत्यक्ष लागलाच नाही, फक्त दम गेला असे मानले, तर त्या शस्त्राचे विष अंगात कसे भिनले? विषाचा नियम लागू होताच सूत्रधारास निदान ओरखडा तरी मान्य करावा लागतो.
* अखेरपर्यंत समान क्षमता. एक अंक शिल्लक असलेले पात्र पूर्ण अंकांच्या पात्राइतकेच जोमाने लढते, धावते आणि चढते.

शेवटच्या आक्षेपाचे समर्थनही केले जाते. जखमेबरोबर क्षमता घटू लागली, तर पहिला घाव खाणारा पक्ष दुबळा होतो, म्हणून पुढचा घावही तोच खातो आणि लढाईचा निकाल पहिल्या फेरीतच लागून जातो. रचनाकार या स्थितीस मरणाचा भोवरा म्हणतात. हिट पॉइंटांची पद्धत वास्तवाशी तडजोड करून हा भोवरा टाळते. शिवाय वजाबाकीपलीकडे कोणताही हिशेब लागत नसल्याने खेळ वेगाने पुढे जातो.

## पर्यायी पद्धती

या आक्षेपांतून इतर खेळांनी निरनिराळे मार्ग काढले.

न वाढणारे अंक व अवयवनिहाय हिशेब. ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) मध्ये हिट पॉइंट प्रकृती व देहाकार यांवर ठरतात आणि अनुभवाने फारसे वाढत नाहीत. अनुभवी योद्धा अधिक सोसतो म्हणून नव्हे, तर अधिक चांगले अडवतो म्हणून टिकतो. शरीराचे सात भाग करून प्रत्येकास वेगळे अंक दिले जातात. चिलखत प्रहार चुकवीत नाही, तर हानी कमी करते.

गुणांतून वजाबाकी. मार्क मिलरच्या ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) या अंतराळकथेच्या खेळात हिट पॉइंट स्वतंत्रपणे नसतात. हानी थेट बळ, चपळाई व सहनशक्ती या गुणांतून वजा होते.

मनाचे अंक. सँडी पीटरसनच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) या भयकथेच्या खेळात देहाच्या अंकांबरोबरच विवेकाचे अंक असतात. भयंकर गोष्टी पाहिल्याने ते झिजतात. देह शाबूत असूनही पात्र गमावले जाऊ शकते, ही कल्पना त्यामुळे रुजली.

दुहेरी अंक. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार वॉर्स’च्या भूमिकाधारी खेळात दमाचे अंक आणि जखमेचे अंक वेगळे करण्यात आले. दम संपल्यावर किंवा प्रहार वर्मी लागल्यावरच जखमेच्या अंकांना हात लागतो. गायगॅक्सने शब्दांत केलेली विभागणी येथे नियमांत उतरली. ‘इन्टू द ऑड’ (२०१४) या लहान खेळात एचपी हाच संक्षेप ठेवून त्याचा अर्थ आघातापासूनचे संरक्षण असा केला आहे. ते संपल्यावर हानी बळातून वजा होते.

पायऱ्या. ‘व्हँपायर: द मॅस्करेड’ (१९९१) मध्ये संख्येऐवजी मुका मार लागल्यापासून निकामी होण्यापर्यंतच्या सात पायऱ्या आहेत आणि खाली उतरावे तशी क्षमता घटते.

परिणामांची नोंद. ‘फेट’ या खेळात मोठा आघात पचविण्यासाठी खेळाडू पात्रावर ‘मोडलेला हात’ किंवा ‘गेलेली अब्रू’ यांसारखा परिणाम लिहून घेतो. हा परिणाम पुढील कथेत अडचण म्हणून वारंवार येतो.

## भारतीय संदर्भ

### देशी खेळांतील मरण आणि पुनरुज्जीवन

मराठी मुलुखातील खेळांत मरणे व जिवंत होणे ही भाषा पूर्वापार आहे, परंतु तेथे जीव सहसा एकच असतो. सारीपाटावर सोंगटी मारली की ती पुन्हा आरंभापासून निघते. कबड्डीत चढाई करणाऱ्याने शिवलेला गडी ‘मरतो’ आणि आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी मारला की ‘उठतो’. या खेळाच्या तीन जुन्या प्रकारांची नावेच या दृष्टीने बोलकी आहेत. ‘संजीवनी’त मेलेला गडी पुन्हा उठतो, ‘गामिनी’त सर्व गडी बाद होईपर्यंत तो बाहेरच राहतो, तर ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहतो आणि प्रतिपक्षास फक्त गुण मिळतो. मुलांच्या विषामृताच्या खेळात ‘विष’ मिळालेला गडी जागीच थिजतो आणि सोबत्याने ‘अमृत’ दिले की सुटतो. शून्यावर पडलेल्या पात्राकडे सोबत्याने धावून जाण्याशी याचे साम्य आहे. लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतलेले लहान मूल तर कधीच बाद होत नाही.

या खेळांत गडी एक तर जिवंत असतो किंवा मेलेला. अर्धा मेलेला नसतो. हिट पॉइंटांचे वेगळेपण या मधल्या अवस्थेत आहे. मैदानी खेळात ही अवस्था मोजण्याची गरज नसते, कारण गड्याचा खरा दम व खरी चपळाई तेथे प्रत्यक्ष झिजत असतात. टेबलावर बसलेल्या खेळाडूचा दम झिजत नाही, म्हणून तो कागदावर लिहून ठेवावा लागतो.

### पुराणकथांतील मृत्यू

भारतीय पुराणकथांतील वीर बहुधा साठलेल्या घावांनी मरत नाहीत. ते एखादी अट पुरी झाल्यावर मरतात. कर्णाचे कवच-कुंडले जावी लागतात, जरासंधाच्या देहाची शकले उलट दिशांना टाकावी लागतात, दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार व्हावा लागतो, हिरण्यकशिपूसाठी वेळ, स्थळ व रूप यांच्या सर्व अटी जुळाव्या लागतात. शरशय्येवरील भीष्म इच्छामरणी असल्याने घाव कितीही असले तरी उत्तरायणापर्यंत प्राण धरून राहतात. वैद्यकातही सुश्रुतसंहितेने १०७ मर्मस्थाने सांगितली आहेत. घावाच्या आकाराइतकेच त्याचे स्थान निर्णायक, हा विचार त्यामागे आहे. अशा कथांवर खेळ रचताना केवळ वजाबाकीची पद्धत अपुरी पडते. रूनक्वेस्टचा अवयवनिहाय हिशेब या विचारास अधिक जवळचा आहे.

### देवतांचे हिट पॉइंट

‘गॉड्स, डेमिगॉड्स अँड हीरोज’ (१९७६) आणि ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’ (१९८०) या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुस्तकांत ग्रीक, नॉर्स इत्यादी देवतांबरोबर इंद्र, अग्नी यांसारख्या हिंदू देवतांनाही आर्मर क्लास व हिट पॉइंट देण्यात आले होते. खेळाडूंची पात्रे अवाच्या सवा बलाढ्य होऊ लागली होती. देवतांचे अंक समोर ठेवले म्हणजे त्यांतील अतिरेक दिसून येईल, अशी भूमिका १९७६ च्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात मांडलेली होती. परंतु जिला संख्या आहे तिचा वध शक्य आहे, असा हिट पॉइंटांचा स्वभाव आहे. देवतेला संख्या देणे म्हणजे तिला मर्त्य करणे होय, हा आक्षेप त्यामुळे उरतो.

भारतीय लेखकांचा सहभाग अलीकडचा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात भारतीय लेखिका मिमी मंडल यांनी लिहिलेली साहसकथा समाविष्ट आहे.

## संगणकीय खेळांत

१९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील प्लेटो या संगणकप्रणालीवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रभावातून तयार झालेल्या खेळांनी हिट पॉइंट संगणकावर आणले. ‘रोग’ (१९८०) आणि जपानमधील ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) यांनी ती परंपरा पुढे नेली. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) सारख्या आर्केड खेळांत मात्र मोजक्या ‘लाइफ’ देण्याची पद्धत होती. पुढे संख्येची जागा बहुधा पडद्याच्या कोपऱ्यातील रंगीत पट्टीने घेतली.

संगणक हिशेब स्वतः करतो आणि घावाचे दृश्यही स्वतःच दाखवतो. त्यामुळे अंकांचा अर्थ लावण्याचे काम खेळाडूकडे उरत नाही. टेबलावरच्या खेळात मात्र प्रत्येक वजाबाकीनंतर काय घडले हे कोणीतरी शब्दांत सांगावे लागते. ‘नऊ अंक गेले’ एवढेच म्हणावे, की ढालीची कड फुटली आणि नाईकाचा पाय चिखलात रुतला असे म्हणावे, हे सूत्रधार ठरवतो. एकाच टेबलावरील सर्वांनी हिट पॉइंटांचा एकच अर्थ गृहीत धरलेला नसेल, तर याच वर्णनावरून मतभेद होतात. म्हणून कोणता अर्थ धरावयाचा हे खेळ सुरू करण्यापूर्वीच आपसांत ठरवून घेणे सोयीचे ठरते.

## हेही पहा

* डंजन्स अँड ड्रॅगन्स
* भूमिकाधारी खेळ
* युद्धखेळ
* फासा
* कबड्डी
* सारीपाट